वन्संचं पाऊल

फरशी

वन्संची लेक आली ती दारातच, बूट काढता काढता म्हणाली, "चालते?"

"चालते म्हणजे..." असं म्हणून वहिनीची सून चहा ठेवायला आत गेली.

त्या ‘म्हणजे’पाशी घर सकाळपासून अडलं होतं.

वन्संना झटका आला, डावी बाजू लुळी पडली, तेव्हा हीच लेक लांबच्या शहरातून धावत आली होती. परत जाताना सगळ्यांना समोर बसवून तिने सांगितलं होतं: मी पुढच्या वेळी येईन तेव्हा आई खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत आपल्या पायांनी आली, तर राहू दे इथे. नाही आली, तर मी तिला घेऊन जाणार. माझ्याकडे लिफ्ट आहे, नर्स ठेवता येते, आणि मी आहे. बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. वन्सं तेवढ्या पलंगावरून म्हणाल्या होत्या, "तुझ्या त्या उंच मजल्यावर मला ओळखतं कोण?"

"आई, तुला सगळं जग ओळखतं."

"म्हणूनच विचारते."

जग त्यांना चेहऱ्याच्या आधी पावलांवरून ओळखायचं. सिनेमात त्या दिसण्याआधी ऐकू यायच्या. पडद्यावर रिकामा लांब बोळ, आणि पलीकडून येणारी पावलं: सारखी, ठाम, कुणाच्या बापाला न घाबरणारी. दार उघडायच्या आत थिएटरात शिट्ट्या सुरू.

ती पावलं वहिनी वाजवायची.

घराला यात नवल नव्हतं. शूटिंगच्या गोंगाटात पायांचा आवाज कधी नीट मिळत नाही. तो नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत, कुणीतरी नव्याने काढायचा असतो. वन्संच्या भावाची बायको आयुष्यभर ते काम करत आली. तिचा नवरा त्याच खोलीत आवाज मुद्रित करायचा. एकदा पावलं वाजवणारा माणूस आला नाही म्हणून त्याने बायकोला बोलावून घेतलं, ती तिथलीच झाली. खोलीच्या जमिनीत कप्पे होते: एकात फरशी, एकात लाकूड, एकात खडी, एकात ओली माती. त्यांत उभी राहून वहिनी जागच्या जागी चालायची. नायिका, खलनायक, पोलीस, घोडा. एकदा भूतही. "भुताचे पाय वाजत नाहीत हो," असं तिने दिग्दर्शकाला सांगून पाहिलं होतं. "आमच्या भुताचे वाजतात," तो म्हणाला. तेवढ्या चालण्यात एखादा माणूस पृथ्वीला फेरी मारून आला असता. ती पायपुसण्याएवढ्या जागेत चालली.

म्हणून घराचा समज असा, की आवाज वहिनीचा आणि चाल वन्संची. नणंदेची चाल भावजयीने हुबेहूब उचलली. मुलाखतींत छापून आलं होतं, पाहुण्यांना सांगून झालं होतं, आणि वर्षानुवर्षं सांगितल्यावर कुठलीही गोष्ट भिंतीसारखी होते. तिला कुणी हात लावून बघत नाही.


सतरंजी

वहिनी वन्संच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बाहेर हॉलमध्ये तिचा मुलगा स्पीकर जोडत होता. तोही आवाजाच्याच धंद्यातला.

फिजिओने सांगितलं होतं, ठेक्यावर चालवा. ज्या ठेक्याची त्यांच्या पायांना सवय आहे अशा ठेक्यावर. मुलाला लगेच सुचलं: आत्याची स्वतःची पावलं! त्याने त्या बोळाच्या प्रसंगातून ती सोडवून काढली, खरखर पुसली, आणि लेकीला फोनवर ऐकवली. लेक रडली. "आईला आईचीच पावलं उभं करतील," ती म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी घरभर ती पावलं वाजत. वन्सं उजवं टाकायच्या, डावं उचलायच्या, आणि तिथे कोलमडायच्या. सगळे मनात म्हणायचे, जिद्द संपली बाईंची.

वहिनी खाली सतरंजीवर बसली आणि वन्संचा डावा पाय मांडीवर घेऊन चोळू लागली.

"वन्सं, मी सांगू का पोरांना?"

"काय सांगणार?"

"की ती चाल तुमची नाही."

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. आजचा दिवस निघून गेला तर मोठ्याने बोलूनही उपयोग नाही."

वन्सं छताकडे बघत राहिल्या. जीभ शाबूत होती, ओठांचा डावा कोपरा तेवढा उतरलेला. "तुला आठवतं सगळं?"

न आठवायला काय झालं? लग्न होऊन वहिनी या घरात आली तेव्हा पाठमोरी असूनही तिला कळायचं, जिन्यावर वन्सं आहेत. टक्, सर्र. टक्, सर्र. लहानपणी पडून डाव्या पायाचं हाड वाकडं जुळलं होतं. उजव्यावर त्या जरा रेंगाळायच्या आणि डावा घासत पटकन सोडवून घ्यायच्या. पहिल्याच सिनेमाला वहिनीने ती चाल जशीच्या तशी वाजवली. नवरा म्हणाला, वा! ऐकायला वन्सं आल्या, ऐकलं, आणि उठून बाहेर गेल्या. कॅमेरा गुडघ्याच्या वर ठेवून, वळणं कापून जे सगळ्यांनी मिळून झाकलं होतं, ते नव्या नवरीने कानांना उघडं करून दाखवलं होतं. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, इतकं ऐकत जाऊ नकोस माझं."

दुसऱ्या दिवशी वहिनीने दुसरीच चाल काढली. सारखी, ठाम. कुणाचीच नसलेली. आणि मग उलटं सुरू झालं: वन्सं ती ऐकायच्या आणि बंद खोलीत तशा चालायच्या. रोज, दात आवळून. लेक झाली तोवर त्यांच्या पायात दुसरं पाऊल मुरलं होतं. लेकीने आईला लंगडताना कधी पाहिलंच नाही.

"ज्या चालीवर तुम्ही धडधाकट असताना झिजलात, त्याच चालीवर आता पडताय," वहिनी म्हणाली. "सारख्या ठेक्याला डाव्या पायावरही तेवढंच उभं राहावं लागतं. तो राहत नाही. तुमची जुनी चाल तर डाव्यावर उभं राहायला फुरसतच देत नव्हती. ती लावली तर तुम्ही आजच दारापर्यंत जाल."

"जाईन. आणि पोरगी बघेल की आई लंगडी आहे, आणि होतीच."

"मग?"

"मग तिचं बालपण खोटं. नको. तिला सरळ चालणारी आई माहीत आहे, तेवढी राहू दे. नेईल मला. वाईट मुलगी नाही ती."

"आणि मी काय करू?"

"तू? तू सुटलीस. जन्मभर माझ्या पायांत होतीस, आता बाहेर ये."

वहिनीला हसू आलं नाही. नवरा गेला तेव्हा स्टुडिओवाल्यांनी तिच्या जागी दुसरा माणूस उभा केला होता. नवऱ्यामुळे येत होती, आता कशाला येईल, असं धरून. वन्सं तेव्हा ऐन भरात होत्या. निर्मात्याला म्हणाल्या, माझ्या पायात दुसऱ्या कुणाचे पाय घालणार असाल, तर मी दुसऱ्या कुणाचा तरी सिनेमा करते. घरी येऊन त्या या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. वहिनीला ते स्टुडिओतल्या चहावाल्याकडून कळलं. पोराची शाळा, घर, शेगडी, सगळं त्या वाक्यावर चाललं. आभार मानायची सोय नव्हती. वन्संना कुणी आभार मानायला लागलं की त्या कपबशा आवरायला लागायच्या.

"शब्द दे," वन्सं म्हणाल्या. "तोंड उघडणार नाहीस."

वहिनीने पाय चोळला. मग म्हणाली, "नाही उघडणार."


लाकूड

"काका, खुर्ची मागे घ्या. खाली वायर आहे."

"घेतो बाबा, कानसेन." धाकटे खुर्चीसकट सरकले. धाकटे म्हणजे वन्संचा शेंडेफळ भाऊ, साठी उलटलेला, निवृत्त मास्तर. मुलाचे काका, लेकीचे मामा, आणि आजच्यापुरते लेकीच्या पक्षाचे. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं होतं, "ताईला घेऊन जा. इथे आपण तिच्याकडे बघून नुसते उसासे टाकतो. उसाशांनी बरं झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही."

मुलाचं उलट होतं. वडील गेल्यावर तो आत्याच्या शेजारी बसून अभ्यास करत वाढला. आत्या गेली तर घरात आवाज उरणार नाही, असं त्याला वाटायचं. हे कुणाला सांगावं तर काय सांगावं, म्हणून तो वायरी सांभाळत होता. बायको आपल्या बाजूने आहे, हे त्याने धरूनच ठेवलं होतं.

हॉलची जमीन लाकडी. आवाज छान येईल, त्याच्या मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

सुनेने आत्याबाईंना खोलीच्या दारापर्यंत आणून उभं केलं. उजव्या हातात काठी. समोर हॉल, हॉलच्या टोकाला बाहेरचं दार. लेक त्या दारापाशी उभी. वहिनी मागे, भिंतीला टेकून.

मुलाने बटण दाबलं.

टक्. टक्. टक्. टक्.

सुंदर होता आवाज. टाचेखालची धूळसुद्धा ऐकू येत होती. आत्याने उजवं टाकलं. डावं उचललं, अगदी वेळेवर, ठेका न चुकवता. डाव्यावर उभं राहायची पाळी आली आणि गुडघा मिटला. सुनेने धरलं.

"पुन्हा," आत्या म्हणाली.

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच.

"ठेका हळू करू का, आत्या?"

"कितीही हळू कर," त्याची आई मागून पुटपुटली.

त्याने वळून बघितलं. "काय म्हणालीस?"

"काही नाही."


पुन्हा

टक्. टक्. टक्. टक्.

लेकीला दारापाशी उभी राहून जे दिसलं ते वेगळं होतं. आईचा पाय नाही, आईचा चेहरा दिसला. डोळे मिटलेले. आई पावलं मोजत नव्हती. ती नुसती ऐकत होती, जसं आपण परक्या माणसाचं कौतुक ऐकतो, मान खाली घालून. आणि मग गुडघा मिटायचा.

लहानपणी संध्याकाळी जिन्यावर हीच पावलं वाजायची आणि ती पुस्तक टाकून पळायची. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझी आई घरीही तशीच चालते का गं? ती अभिमानाने म्हणायची, अगदी तश्शीच.

तशी चालणारी बाई आज दोन पावलांत तिसऱ्यांदा सुनेच्या अंगावर पडली.

"बास," लेक म्हणाली. "बंद कर रे ते."

जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. येताना गाडीत तिने स्वतःला सांगितलं होतं, आई चालली तरी मला चालेल, नाही चालली तरी चालेल. आता कळलं, की तिला आई चाललेलीच हवी होती.


खडी

"झालं ना मग," धाकटे म्हणाले. "तिकिटं काढा."

"काका, एक महिना द्या," मुलगा म्हणाला. "सुधारणा आहे. मागच्या आठवड्यापेक्षा—"

"महिना कुणाच्या जिवावर?"

हे सून म्हणाली. आत्याबाईंना खुर्चीत बसवून ती सरळ झाली होती आणि कमरेवरचा हात तिने काढला नव्हता. सगळ्यांनी वळून बघितलं. सून बोलेल असं कुणाच्या हिशेबात नव्हतं.

"नाही, विचारते आपली. पहाटे उठवतं कोण? आंघोळ कोण घालतं? तुम्ही कामावर. आईंचे गुडघे गेलेत, त्यांना वाकवत नाही. मला आत्याबाई जड नाहीत हो, देवाशपथ. मला झोप हवी आहे."

मुलाने हातातली वायर गुंडाळायला घेतली.

"अगं, मग मला फोनवर का नाही बोललीस?" लेक म्हणाली.

"फोनवर तुम्ही विचारायचात, आई कशी आहे. मी सांगायचे, बरी आहे. प्रश्न तेवढाच होता."

"हे चुकलं माझं."

"तुमचं एकटीचं नाही, सगळ्यांचंच." मग सुनेला वाटलं आपण जरा जास्तच बोललो, आणि ती म्हणाली, "चहा टाकू?"

"चहा राहू दे," वन्सं म्हणाल्या. "पोरी, इकडे ये. बस." सून बसली. वन्संनी धड असलेला उजवा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "मी लहान असताना कुणी माझं एवढं केलं नव्हतं. तू केलंस. आता तू झोप काढ, मी हिच्याबरोबर जाते. ठरलं. कुणी मध्ये बोलू नका."

मुलाने आजूबाजूला पाहिलं. काका लेकीकडे, बायको तिकडेच, आता आत्याही तिकडे. तो एकटा उरला, हातात वायर धरून. "आई, तू तरी बोल काहीतरी!"

वहिनी भिंतीपासून निघाली.

"मी बोलणार नाही," ती म्हणाली. "तू आधी ते यंत्र बंद कर. नुसतं थांबवू नकोस, बंद कर. बारीक घूं येतंय." मग ती आत गेली आणि कडक तळाच्या जुन्या चपला घालून बाहेर आली. "वन्सं, उभ्या राहा."

"वहिनी, तू शब्द दिलायस."

"तोंडाचा दिला होता."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. लेक मध्ये पडणार होती, "मामी, कशाला आता पुन्हा तिला—", पण वन्संनी काठी मागितली.

"आई, अगं तुझे गुडघे," मुलगा म्हणाला.

"गुडघे गेलेत, कान नाही गेले. सर बाजूला."

ती वन्संच्या डाव्या अंगाला उभी राहिली, कमरेत हात घातला, आणि त्यांच्याकडे न बघता, आयुष्यभर पडद्याकडे बघायची तशी समोर कुठेतरी बघत, पाऊल टाकलं.


नुसती हवा

धाकट्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. बहीण पडताना चौथ्यांदा बघायची त्यांची तयारी नव्हती. म्हणून त्यांनी पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

टक्. सर्र.

ते सहा वर्षांचे आहेत. अंगभर गोवर, खोलीचे पडदे ओढलेले, डोळ्यांवर ओला फडका. दिसत काही नाही. जिन्यावर आईची पावलं आली तर कडू औषध. ही आली तर औषध नाही. ही आली तर उशाशी बसून गोष्ट, आणि गोष्टीत राक्षसाचा आवाजसुद्धा.

टक्. सर्र.

"ताई आली," धाकटे म्हणाले.

म्हणाले म्हणजे तोंडातून निघून गेलं. ते वळले. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि ते हॉलच्या मध्यावर उभ्या दोन बायकांकडे. वहिनी लंगडत होती. तिच्या पावलाच्या पाठोपाठ, केसभर मागून, दुसरं तसंच पाऊल वाजत होतं. काठी, उजवा पाय, त्यावर जरा रेंगाळणं, आणि डावा घासत पुढे. डाव्यावर कुणी उभं राहतच नव्हतं. तो नुसता जमिनीला भेटून निघत होता. पडणं झालं नव्हतं.

"आई?" लेक म्हणाली. "मामी, तू तिला लंगडायला का शिकवतेस?"

"शिकवत नाही गं ती," धाकटे म्हणाले, आणि त्यांचा आवाज मास्तरांचा राहिला नव्हता. "ताई अशीच चालायची. तू जन्मायच्या आधी. मला एकदा जवळ घेऊन म्हणाली, छोट्या, माझ्या चालण्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. मी बोललो नाही. इतका बोललो नाही की विसरलोच."

वन्सं थांबल्या. दम लागला होता. "छोट्या," त्या म्हणाल्या, "लहानपणी चोंबडा होतास, अजूनही चोंबडाच आहेस."

"जन्मभर गप्प बसलो, ताई. एवढं एक माफ कर."


माती

"मग ती बोळातली?" लेकीने विचारलं. "जिन्यावरची?"

"तुझ्या मामीची," वन्सं म्हणाल्या. "आवाज तिचा, चाल तिची, हिंमतसुद्धा तिची. मी नुसती त्या पावलांच्या मागून चालत आले."

मुलगा स्पीकरवर बसला. महिनाभर त्याने आत्याला स्वतःच्या आईच्या पावलांवर पाडलं होतं. "आई, तू मला पहिल्याच दिवशी सांगायचंस ना!"

"माझं असतं तर सांगितलं असतं," वहिनी म्हणाली. तिचा हात अजून वन्संच्या कमरेत होता.

लेक पुढे आली नाही. दारापाशीच उभी राहिली. "दुखायचं?"

"दुखायचं. शिट्ट्या ऐकू आल्या की जरा कमी दुखायचं."

"आणि घरी? घरी कुठे शिट्ट्या होत्या?"

"घरी तू होतीस. जिन्यावर पाऊल वाजलं की धावत यायचीस. त्यासाठी चढायचे मी तशी." वन्संनी काठी नीट टेकवली. "तुला सरळ आई हवी होती."

"मला आई हवी होती. सरळ-वाकडी मी कधी मागितली होती?"

सुनेने डोळे पुसले आणि पुसता पुसता व्यवहार तिला सुचलाच. "दार अजून लांब आहे," ती म्हणाली, आणि मधली खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

लेकीला रडता रडता हसू फुटलं. वन्संनाही.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "आता तू थांब."

"पडाल."

"पडले तर उचल. पण वाजवू नकोस. इतकी वर्षं तू चाललीस नि मी ऐकलं. आता जरा तू ऐक."

वहिनीने हात सोडवून घेतला. थांबणं तिला जमत नव्हतं. वन्संनी काठी पुढे टाकली आणि वहिनीची बोटं चपलेच्या आत आपोआप उठली. तिने ती दाबून धरली. पडद्यावर वन्सं चालत असताना आपण स्वस्थ उभं राहायचं, हे तिने आयुष्यात एकदाही केलं नव्हतं.

ठक्. टक्. सर्र.

तिने आठवणीत जपली होती ती ही चाल नव्हती. तिच्या आठवणीतल्या चालीत तरुण मुलगी होती, घाईत असलेली. हिच्यात आधी काठी होती, मग उजवा पाय, मग एक श्वास, आणि मग तो घासत येणारा डावा, पूर्वीपेक्षा लांब, खाली काहीतरी ओलं असल्यासारखा. ही वहिनीला वाजवता आली नसती. कुठल्याच कप्प्यात उभं राहून नाही.

ठक्. टक्. सर्र.

लेकीने हात पुढे केले नाहीत. केवढा मोह झाला असेल तिला, वहिनीला दिसत होतं. ती दारातून बाजूला झाली, आणि वन्संनी चौकट धरली.



"आली," लेक म्हणाली. "मी म्हटलं होतं दारापर्यंत. आली." तिने नाक ओढलं आणि सुनेकडे वळली. "मी महिनाभर इथेच राहते. पहाटेचं मी बघते, आंघोळही मीच घालते. तू झोप. पुढे बाई ठेवू, पण आधी तू झोप."

"दुपारी मी येत जाईन," धाकटे म्हणाले. "तसाही घरी बसून वर्तमानपत्र दोनदा वाचतो."

"दोनदा वाचून काही कळतं का?" वन्सं चौकटीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, आणि धाकटे खूश होऊन हसले.

मग वन्संनी मान वळवली. लेक जवळ उभी होती, पण त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

"वहिनी, कसं वाजलं?"

वहिनीला पुष्कळ सांगायचं होतं. नवरा गेला तेव्हाचं, चहावाल्याने सांगितलेलं ते वाक्य, पोराची फी, हे घर, आणि अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर काढलेली सगळी वर्षं, ज्यांत तिला एकदाही वाटलं नाही की आपण कुणाच्या मागे उभ्या आहोत. ते सगळं या दोन पायांच्या आधारानं झालं होतं. पण वन्संच्या हाताशी आवरायला कपबशा नसल्या तरी त्यांचा स्वभाव काही बदललेला नव्हता.

"तुमच्यासारखं," ती म्हणाली.

"मग परतही तशीच येते," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी चौकट सोडली.